एका ग्रुपात शिरायला गेलो आणि बाकीच्या सगळ्यांतून बाहेर! सुडो परत कसं मिळवू?

सोल्डरवाला

मंडळी, फोनवरून लिहितोय आणि फोनवर मराठी कळफलक आहे, त्यामुळे कमांड जशा उच्चारतो तशाच लिहितोय. कुठे मोठं अक्षर असेल ते वेगळं सांगेन.

मी एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स लॅबला असिस्टंट आहे. लॅबमध्ये १४ मशिनं, सगळ्यांवर उबुंटू २२.०४ लिनक्स. सोमवारी सकाळी साडेदहाला २२ पोरांचं आर्डुइनोचं, म्हणजे प्रोग्राम भरून चालवायच्या छोट्या सर्किट बोर्डाचं, पहिलं प्रॅक्टिकल आहे. बोर्ड अस्सल नाहीत, सीएच३४० चिपवाले (यूएसबीवरून मशिनशी बोलते ती चिप) स्वस्तातले ऊनो. म्हटलं, सगळीकडे हात मारण्याआधी माझ्या टेबलावरच्या मशिनवर करून बघू. बोर्ड लावला, दिवा लागला, आयडीईमध्ये (प्रोग्राम लिहून बोर्डात भरायचं सॉफ्टवेअर) पोर्टही दिसला. अपलोड दाबलं आणि खाली तांबड्या अक्षरांत: /डेव्ह/टीटीवाययूएसबी०, परमिशन डिनाइड.

शोधलं तर जो तो एकच सांगतोय, यूजरला डायलआउट ग्रुपात टाका, पोर्ट वापरायची परवानगी त्या ग्रुपाला असते. एका ठिकाणी कमांड होती, ती बघून मारली:

सुडो यूजरमॉड -जी डायलआउट प्रयोग

सुरुवातीचा सुडो म्हणजे पुढची कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालव. यातला जी मोठा. 'प्रयोग' हे मशिन बसवताना काढलेलं लॅबचं खातं, दुसरं खातंच नाही. कमांड काही बोलली नाही. लिनक्समध्ये गप्प म्हणजे पास, एवढं आता मला कळतं. लॉगआउट करा असं लिहिलं होतं, मी रीस्टार्टच केलं. अपलोड झालं, एलईडी लुकलुकला, मी खुशीत चहाला गेलो.

चहाहून आल्यावर पायथॉनची सीरियल लायब्ररी टाकायला बसलो. पासवर्ड विचारला, बरोबर दिला, आणि हे आलं: प्रयोग इज नॉट इन द सुडोअर्स फाइल. धिस इन्सिडंट विल बी रिपोर्टेड.

कोणाला रिपोर्टेड? प्राचार्यांना मेल जातो का याचा?

ग्रुप्स असं टाइप केलं तर फक्त दोन शब्द येतात: प्रयोग डायलआउट. आधी किती होते ते मी कधी बघितलंच नव्हतं. मशिनं पुरवणाऱ्याला फोन केला, तो म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल, उद्या माणूस पाठवतो. त्या डिस्कवर मागच्या बॅचच्या प्रोजेक्टच्या फाइली आहेत आणि त्यांची कॉपी कुठेच नाही.

तेव्हा सांगा: फॉरमॅट न करता सुडो परत येईल का? माझं चुकलं कुठे? आणि उरलेल्या १३ मशिनांवर हेच करायचंय, तिथे पुन्हा शेण खाल्लं जाऊ नये म्हणून काय करू?

अर्धाकप

पहिलं काम, त्या माणसाला फोन करून सांगा की येऊ नकोस. डिस्कवरचं काहीही गेलेलं नाही. एका मजकुराच्या फाइलीतल्या सात-आठ ओळींतून तुमचं नाव खोडलं गेलंय, बस. अर्ध्या कपात होणारं काम आहे.

इन्सिडंट प्राचार्यांना जात नाही. त्याच मशिनच्या लॉगमध्ये नोंद होते आणि रूट नावाच्या, म्हणजे मशिनच्या सर्वाधिकारी खात्याला मेल धाडायचा प्रयत्न होतो. तुमच्या मशिनवर मेल पाठवणारं काही बसवलेलंच नसणार, त्यामुळे तो मेलही हवेत. निश्चिंत राहा.

रीस्टार्ट केलंत तेवढं मात्र वाईट झालं. का ते कोणीतरी नीट सांगेलच, मी ऑफिसात आहे.

रात्रपाळी

मी सांगते. सर्व्हर सांभाळण्यात बारा-तेरा वर्षं गेलीत आणि तुमची ही चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे अधिकाराने बोलते. कमांड तुमच्याच पद्धतीने लिहिते.

आधी चुकलं काय ते. रेशनकार्डावर नव्या सुनेचं नाव चढवायचंय. तुम्ही अर्ज भरलात, कुटुंबातील व्यक्ती या रकान्यात फक्त सुनेचं नाव लिहिलंत. कारकुनाने अर्जाबरहुकूम नवं कार्ड करून दिलं: घरात एकटी सून. सासू, सासरे, नवरा सगळे कमी. कारकून चुकला नाही. मोठा जी म्हणजे तो रकाना आहे, 'या खात्याचे जादा ग्रुप आता एवढेच' असा त्याचा अर्थ. 'आहेत त्यात हा घाल' म्हणायचं तर त्याच्याआधी ए लागतो, ए म्हणजे अपेंड:

सुडो यूजरमॉड -एजी डायलआउट प्रयोग

ए छोटा, जी मोठा. तुमच्या कमांडीत तो ए नव्हता. डायलआउट ठेवला, बाकीचं सगळं पुसलं, त्यात सुडो नावाचा ग्रुपही गेला. उबुंटूत सुडो चालवायची मुभा त्या ग्रुपाच्या नावावर आहे, तुमच्या नावावर नाही. फेडोरावाल्यांकडे त्याच ग्रुपाला व्हील म्हणतात. आणि जी छोटा पडला असता तर प्रकरण वेगळंच झालं असतं, छोटा जी खात्याचा मूळ ग्रुपच बदलतो. मग तुम्ही केलेली प्रत्येक नवी फाइल डायलआउटच्या मालकीची. देवनागरीत कमांड लिहिण्यातली ही खरी गोम, आपल्याकडे अक्षराला मोठं-छोटं नाही.

आता दुरुस्ती. आज रात्री लॅब उघडता येत असेल तर आजच करा.

मशिन बंद करून चालू करा. जुनं असेल तर शिफ्ट दाबून धरा, नवं यूईएफआयवालं असेल तर कंपनीचा लोगो गेल्यागेल्या एस्केप, एकदाच. एस्केपचा तबला वाजवला तर मेनू ओलांडून ग्रब असं लिहिलेल्या काळ्या पडद्यावर जाऊन पडाल. पडलात तर घाबरायचं नाही, परत बंद-चालू. मेनू आला की ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात ज्या ओळीच्या शेवटी रिकव्हरी मोड आहे ती. थोड्या वेळाने एक करड्या रंगाची चौकट येईल, त्यात रूट निवडा आणि एंटर. उबुंटूत रूटला पासवर्डच दिलेला नसतो, त्यामुळे तो न विचारता आत घेईल. (हो, याचा अर्थ ज्याच्या हाती कीबोर्ड तो मालक. पोरांसमोर हे करू नका.)

आत आल्यावर डिस्क फक्त वाचता येत असेल, लिहिता यायला हवी म्हणून:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /

आणि आता थांबा. लगेच ग्रुप घालायला धावू नका. आधी हे बघा (ग्रेप म्हणजे फाइलीतल्या तो शब्द असलेल्या ओळी दाखव):

ग्रेप प्रयोग /ईटीसी/ग्रुप-

शेवटचा डॅश टायपो नाही. ग्रुपांची फाइल /ईटीसी/ग्रुप. यूजरमॉड, जीपासवर्ड ही मंडळी ती बदलण्याआधी जुनी प्रत डॅशवाल्या नावाने ठेवतात. पण प्रत एकच असते, एकच पाऊल मागची. म्हणजे तुम्ही घाईने सुडो परत घातलात की त्या क्षणी आत्ताची बिघडलेली फाइल 'जुनी प्रत' म्हणून बसणार आणि चांगली यादी कायमची जाणार. म्हणून आधी वाचायची, फोनने फोटो काढायचा, मग पुढे.

मधे एखादं पॅकेज बसलं असेल आणि त्याने स्वतःचा ग्रुप काढला असेल, तर ही प्रत आधीच गेलेली असेल. तसं दिसलं तर दुसरा साक्षीदार आहे:

ग्रेप यूजरमॉड /व्हार/लॉग/ऑथ.लॉग

तिथे यूजरमॉडने आपल्या हाताने लिहून ठेवलेलं असतं: डिलीट 'प्रयोग' फ्रॉम ग्रुप 'सुडो', मग पुढचा ग्रुप, मग त्याच्या पुढचा. प्रत्येक ओळ दोनदा दिसेल, एक ग्रुप फाइलीसाठी आणि एक तिच्या सावलीसाठी, जीशॅडोसाठी.

यादी हातात आली की एकेक:

ॲडयूजर प्रयोग सुडो

असं प्रत्येक ग्रुपासाठी. सात-आठच असतील. मग रीबूट.

अर्धाकप म्हणतात ते रीस्टार्टचं. ग्रुपांची यादी फाइलीत असते खरी, पण तुम्ही लॉगिन करता त्या क्षणी ती वाचून तुमच्या शेलच्या, म्हणजे टर्मिनलात कमांडी घेणाऱ्या प्रोग्रामच्या, खिशात ठेवली जाते. नंतर फाइल बदलली तरी खिसा बदलत नाही. सुडो सहसा खिसा बघतं. म्हणजे कमांड मारल्यावर ते टर्मिनल उघडंच ठेवलं असतंत तर त्याच टर्मिनलातून सुडो चाललं असतं आणि दोन मिनिटांत दुरुस्ती झाली असती. २०१४ साली एका पतसंस्थेच्या सर्व्हरवर मी रात्री दोन वाजता स्वतःलाच एका बॅकअपच्या ग्रुपात घातलं, ए विसरून. नवा ग्रुप लागला का ते बघायला दुसऱ्या खिडकीतून लॉगिन केलं तर सुडो नाही म्हणालं. तेव्हा पहिल्या खिडकीत एक्झिट एवढं टाइप झालेलं होतं, फक्त एंटर बाकी होता. सर्व्हर ४० किलोमीटरवर, कुलपात, आणि किल्ली मॅनेजरच्या घरी. बॅकस्पेस इतक्या हळू मी आयुष्यात कधी दाबला नाही.

१३ मशिनांचं नंतर बोलू. आधी हे करून कळवा.

तिखट_टर्मिनल

एवढं रामायण कशाला? ग्रुपबिपच्या भानगडीत न पडता सुडो चमॉड ६६६ करून टाकायचं त्या पोर्टला, म्हणजे वाचा-लिहायची मुभा सगळ्यांनाच. आमच्या प्रोजेक्टला आम्ही तेच केलं होतं.

अर्धाकप

आणि वायर काढून परत लावली की? ती /डेव्हमधली फाइल डिस्कवरची नाही हो, बोर्ड लावला की यूडेव्ह (जोडलेली यंत्रं सांभाळणारा प्रोग्राम) ती नव्याने बनवतं, ग्रुप डायलआउट, परवानगी ६६०, म्हणजे ग्रुपाबाहेरच्यांना काही नाही. तुमचे ६६६ वायरीबरोबर गेले. २२ पोरं, प्रत्येक जण तासाला चारदा वायर काढणार, तुम्ही दर वेळी चमॉड मारत फिरणार. शिवाय ती परवानगी द्यायला सुडो लागतं, आणि यांचं तेच तर गेलंय.

सोल्डरवाला

ताई, झालं! शुक्रवारी रात्री साडेनऊला वॉचमनकडून लॅब उघडून घेतली.

शिफ्टने काही झालं नाही, एस्केपने झालं. पहिल्यांदा तबला वाजवलाच, तुम्ही सांगितलेला काळा पडदा बघून आलो. दुसऱ्यांदा नीट.

मग गंमत. तुमचा मेसेज फोनवर, फोन चार्जिंगला, आणि माझ्या डोक्यात फक्त 'आधी ग्रेप'. रीमाउंटची ओळ नजरेतून सुटली. ग्रेप चाललं, फोटो काढला. मग ॲडयूजर मारलं तर म्हणतो, कॅनॉट लॉक /ईटीसी/ग्रुप, ट्राय अगेन लेटर. मी खरंच पाच मिनिटं थांबून परत ट्राय केलं. मग तिसऱ्यांदा. मग फोन हातात घेऊन मेसेज पहिल्यापासून वाचला.

फोटोत निघालेली यादी, कोणाला उपयोगी पडली तर: एडीएम, सीडीरॉम, सुडो, डिप, प्लगडेव्ह, एलपीॲडमिन, एलएक्सडी, सांबाशेअर. आठ. शिवाय नवव्या ओळीत खुद्द प्रयोग नावाचा ग्रुप, १००० नंबरचा. आठही परत घातले, रीबूट केलं, सुडो चाललं. फॉरमॅटवाल्याला सकाळी फोन केला, तो जरा नाराज झाला.

एक शंका. परत आल्यावर सवय व्हावी म्हणून मी जीपासवर्डने स्वतःला व्हिडिओ ग्रुपात घालून बघितलं. मग आयडी एवढंच टाइप केलं तर व्हिडिओ दिसेना. आयडी प्रयोग असं टाइप केलं तर दिसतो! एकाच मशिनवर, एकाच मिनिटाला दोन उत्तरं. कोणतं खरं?

रात्रपाळी

दोन्ही. नुसतं आयडी म्हटलं की ते शेलचा खिसा उलटा करून दाखवतं. आयडी प्रयोग म्हटलं की ते फाइल वाचून दाखवतं. ग्रुप घातल्याबरोबर दोन्ही मारून बघायची सवय लावा: दुसऱ्यात दिसतो म्हणजे नोंद झाली, पहिल्यात दिसतो म्हणजे लागू झाली. लोक पहिलं बघतात, दिसत नाही म्हणून वैतागून कमांड पुन्हा मारतात, आणि दुसऱ्या खेपेला ए गळतो.

खिसा भरायला लॉगआउट करून परत लॉगिन. कोणी न्यूजीआरपी डायलआउट सांगेल, ते चालतं, पण त्या एका टर्मिनलापुरतं. मेनूतून उघडलेल्या आर्डुइनोला त्याचा पत्ता नसतो. डेस्कटॉपवर कधीकधी लॉगआउटही पुरत नाही, कारण मागे तुमच्याच नावाची सिस्टमडीची एखादी प्रोसेस जुना खिसा घेऊन जिवंत राहते. तिथे रीस्टार्ट.

कॅनॉट लॉकचं वाक्य मात्र खरंच फसवं आहे. डिस्कवर लिहिता येत नाही असं सरळ म्हणायचं सोडून 'नंतर या' सांगतं. मीही त्यावर एकदा थांबले होते, पण पाच मिनिटं नाही.

आता १३ मशिनं. माझं मत साधं आहे: ज्या कमांडीत एक अक्षर विसरल्यावर ती न कुरकुरता घर साफ करते, ती कमांड रोजच्या कामाला वापरूच नये. यूजरमॉडच्या ऐवजी

सुडो जीपासवर्ड -ए प्रयोग डायलआउट

लिहिताना पासवर्डमधले ओ आणि आर गाळायचे, पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी. किंवा उबुंटूत ॲडयूजर प्रयोग डायलआउट, त्यात तर डॅशच नाही. दोन्हींत एका वेळी एकच ग्रुप घालता येतो आणि मला तो फायदा वाटतो. काढायचं असेल तर जीपासवर्ड -डी.

अर्धाकप

इथे मी वेगळा. जीपासवर्डमध्ये ए विसरलं तर काय?

रात्रपाळी

दोन नावं बघून गोंधळते, वापर कसा करायचा ते छापते आणि बाहेर पडते. काहीही बदलत नाही. हाच तर मुद्दा आहे, चुकलं तर ओरडणारी कमांड हवी.

हां, त्यातला मोठा एम तेवढा विषारी आहे, तो ग्रुपाची अख्खी सदस्ययादी बदलतो. त्याच्या वाटेला जाऊ नका.

अर्धाकप

बरं, मान्य. पण यूजरमॉड वापरायचंच असेल तर एक सांगतो: ए नेहमी जीच्या आधी, -एजी. कोणी उलटं -जीए लिहिलं तर मोठा जी त्याला चिकटलेल्या ए-लाच ग्रुपाचं नाव समजतो आणि कमांड पुढच्या नावांवर अडखळून पडते. निदान तिथे तरी ती ओरडते. आणि अनेक ग्रुप घालायचे तर मध्ये फक्त स्वल्पविराम, जागा सोडायची नाही.

तिखट_टर्मिनल

ठीक आहे, चमॉडचं मागे घेतो. पण १३ मशिनांवर आयडीई, लायब्रऱ्या वगैरे बसवत बसण्यापेक्षा सगळीकडे डॉकर टाका (प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट एका वेगळ्या डब्यात, कंटेनरमध्ये, चालवतं ते) आणि पोरांच्या खात्याला डॉकर ग्रुपात घाला. एक इमेज, काम तमाम.

रात्रपाळी

पोरांच्या खात्याला डॉकर ग्रुप? मग सरळ सुडोच द्या की, निदान पासवर्ड तरी विचारेल.

डॉकर ग्रुपातला माणूस कंटेनर चालवताना मशिनची अख्खी डिस्क, म्हणजे मुळातली ती तिरकी रेघ, कंटेनरच्या आत जोडून घेऊ शकतो. आत तो रूट असतो. म्हणजे बाहेरच्या डिस्कवरही रूट. एका ओळीचं काम आहे, ती ओळ मी इथे लिहिणार नाही, पण दुसऱ्या वर्षाच्या पोराला ती आठवड्यात सापडते. डॉकरवाले स्वतः कागदपत्रांत हेच बजावतात. एलएक्सडी ग्रुपाचीही तीच कथा, आणि बघा, तो सोल्डरवाल्यांच्या आठांत आहे. सुडोवाल्या खात्याला तो असला काय नि नसला काय, पण पोरांच्या खात्याला नको. डिस्क नावाचा ग्रुप तर नावावरून गरीब वाटतो, त्यातल्या माणसाला डिस्क कच्ची वाचता-लिहिता येते, फाइलींच्या परवानग्या मग शोभेच्या. एडीएम त्या मानाने सौम्य, लॉग वाचता येतात एवढंच.

डायलआउट मात्र खुशाल द्या. नाव मोडेमच्या काळातलं, फोन लावून बाहेर जायचं त्याच्या परवानगीचं. मोडेम गेले, सीरियल पोर्ट राहिले, आणि पोरांच्या हाती त्यातून फार तर आर्डुइनो लागतं.

सोल्डरवाले, तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं. प्रयोग हे सुडोवालं खातं पोरांच्या हाती द्यायचं नाही. प्रत्येक मशिनवर विद्यार्थी नावाचं वेगळं खातं काढायचं, त्याला फक्त डायलआउट. त्यासाठी ॲडयूजरची सेटिंगची फाइल आहे, /ईटीसी/ॲडयूजर.कॉन्फ. त्यात एक्स्ट्रा ग्रुप्सच्या ओळीपुढचा हॅश काढून अवतरणात फक्त डायलआउट लिहा, आणि ॲड एक्स्ट्रा ग्रुप्सच्या ओळीचाही हॅश काढून तिथे १. यानंतर त्या मशिनवर ॲडयूजरने काढलेलं प्रत्येक साधं खातं जन्मतःच डायलआउटमध्ये असेल, पुढच्या वर्षी कोणाला काही घालायला नको.

आणि प्रत्येक मशिनवर सुडोवालं दुसरं एक खातं काढून ठेवा. पासवर्ड कागदावर, कागद पाकिटात, पाकीट तुमच्या कपाटात. काही करण्याआधी एका टर्मिनलात सुडो -आय करून (म्हणजे रूट होऊन) ते उघडं ठेवा, काम दुसऱ्या टर्मिनलात. तपासणी पुरी होईपर्यंत पहिलं बंद करायचं नाही.

सोल्डरवाला

ताई, शनिवारी दुपारी बसलो. पहिल्या तीन मशिनांना प्रत्येकी वीस मिनिटं लागली, नंतर हात बसला, शेवटची पाच-सात मिनिटांत. सुडो -आयवालं टर्मिनल मी काळ्याऐवजी लाल पार्श्वभूमीचं केलं, म्हणजे चुकून बंद होणार नाही. दर वेळी आयडी विद्यार्थी, मग लॉगिन करून नुसतं आयडी.

बारा मशिनं झाली, ९ नंबरचं अडलं. तिथे पोर्टच दिसत नाही. बाकी सगळं तसंच, आयडीत डायलआउट दोन्हीकडे आहे. बोर्ड बदलला, वायर बदलली. बोर्डावरचा दिवा लागतो, पण /डेव्हमध्ये टीटीवाययूएसबी० नाहीच. परमिशन नाही म्हणणारंसुद्धा कोणी नाही. याला कोणता ग्रुप लागतो?

अर्धाकप

याला ग्रुप नाही लागत, हे वेगळं दुखणं आहे. सुडो डीमेसेज (लिहिताना डी-एम-ई-एस-जी, काय जोडलं-सुटलं त्याच्या नोंदी दाखवतं) मारा आणि बोर्ड लावल्यावर शेवटच्या दहा ओळी वाचा. सीएच३४१ (तुमच्या चिपच्या ड्रायव्हरचं नाव) टीटीवाययूएसबी०ला जोडलं आणि लगेच खालच्या ओळीत डिस्कनेक्टेड, आणि आसपास कुठे बीआरएलटीटीवाय असं दिसतंय का?

सोल्डरवाला

दिसतंय! कोण आहे हा?

अर्धाकप

बीआरएलटीटीवाय म्हणजे अंध लोकांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्राम. काही ब्रेल यंत्रांतही तुमच्या बोर्डातलीच सीएच३४० चिप असते, ओळखनंबर तोच. त्यामुळे तुमचा ऊनो लावला की तो म्हणतो, आलं माझं यंत्र, आणि पोर्ट पळवतो. २२.०४ मध्ये हे पुष्कळांना झालंय. बाकीच्या मशिनांवर तो बसलेला नसेल किंवा कोणीतरी आधीच काढला असेल.

लॅबमध्ये कोणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तरच: सुडो एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय. वापरणारं कोणी असेल तर काढू नका, सांगा, यूडेव्हच्या नियमातली ती एकच ओळ बंद करायची रीत आहे.

सोल्डरवाला

कोणी नाही वापरत, विचारून घेतलं. काढलं, बोर्ड परत लावला, टीटीवाययूएसबी० हजर. अपलोड झालं.

सोमवारचं सांगतो. साडेदहाला २२ पोरं, १४ मशिनं, काही जोडीने बसलेली. अकराला १२ मशिनांवर एलईडी लुकलुकत होते. ४ आणि ११ वर नव्हते. मी घाम पुसत ४ वर बसलो. आयडी, डायलआउट आहे. आयडी विद्यार्थी, आहे. बीआरएलटीटीवाय, नाही. डीमेसेजमध्ये बोर्ड लावल्याची एक ओळसुद्धा नाही. मग वायर बघितली. पोराने घरून आणलेली, फोनच्या चार्जरची, आत डेटाच्या तारा नसलेली. ११ वर तेच. दोघांना लॅबच्या वायरी दिल्या.

रात्रपाळी

त्या दोन वायरींना आत्ताच चिकटपट्टी लावून 'चार्जिंग' लिहून ठेवा.

सोल्डरवाला

लावली. तांबडी.